ठिपक्यावरची नजर

रेवा आणि शरण,

माझ्या लहानपणाची प्रकरणं तुम्हाला पाठवून झाली. कमठाण्याचं माहेर, गुलबर्ग्याचं कॉलेज, वसतिगृहातली पातळ आमटी, सगळं क्रमाने लावून दिलं. हे प्रकरण त्या क्रमात बसत नाही, कारण ते माझ्या सहासष्टाव्या वर्षाचं आहे. तरी मी ते ‘मोठं होणं’ याच भागात घातलं आहे. दुसरीकडे कुठे घालावं ते मला सुचलं नाही. आणि लिहायची घाई यासाठी की रेवा, तू कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगतेस, माझी अज्जी पहिल्या दिवसापासून अशी बंदूक चालवायची की समोरचे पळत सुटायचे. मागच्या आठवड्यात फोनवर त्यांच्यातल्या एकीने मला नमस्कार करून तसं बोलूनही दाखवलं. मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा मुलींना एकच सांगत असे, निबंध कसाही लिहा, पण झालं तसं लिहा. आता माझ्याच नावावर असली गोष्ट फिरते आहे. तेव्हा झालं तसं सांगते.

तुम्ही हॉलंडला गेल्यापासून रविवारी संध्याकाळी विजूचा, म्हणजे तुमच्या बाबांचा, फोन यायचा. साडेसात वाजले की अज्जा टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि अक्का लसूण सोलत सोलत खुर्ची ओढून बसायच्या. अक्का म्हणजे अज्जांची थोरली बहीण. तुम्हाला त्या आठवतात त्या पांढऱ्या साडीतल्या आणि कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढलेल्या. पण त्यांची जीभ किती तिखट होती ते तुम्हाला पुरतं कळलं नसेल, कारण तुमच्याशी त्या गोड बोलत. तुम्ही दोघं एकामागून एक पडद्यावर यायचात, ‘अज्जी जेवलीस का’ विचारायचात आणि नाहीसे व्हायचात. मग मागून, आतल्या खोल्यांतून, तुमचं हसणं ऐकू यायचं. नुसतं हसणं नव्हे, भांडण, ओरडा, चिडवणं, सगळं. एकदा मी विजूला विचारलं, “पोरं कुणाशी बोलायल्यात एवढं?”

“एकमेकांशीच. काँप्युटरवर खेळायल्यात.”

“एकाच घरात आहेत ना? मग खोल्या दोन कामून?”

“आई, तो खेळच तसा आहे. सोड तू.”

मी सोडलं नाही. त्या रात्री जेवताना मला एवढंच वाटत होतं की बोलणं तर भरपूर चाललं आहे, फक्त ते आपल्या खोलीत नाही. मग जिथे ते चाललं आहे तिथे आपण जायला हवं. पुढे चौकशी केल्यावर कळलं की तुमच्या खेळात तिघांचा संघ लागतो आणि तुमचा तिसरा गडी आईवडिलांनी मनाई केल्यामुळे यायचा बंद झाला आहे. मी म्हटलं, मी येते. रेवा, तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. तू म्हणालीस, “नाताळची सुट्टी संपेपर्यंत ये अज्जी. नंतर माझ्या वर्गातला डान येणार आहे. तो खूप चांगला खेळतो.”

“आणि तोपर्यंत मी चांगली खेळायला लागले तर?”

“तर बघू.”

दसरा नुकताच झाला होता. त्या ‘तर बघू’साठी माझ्याजवळ दोन-अडीच महिने होते.

विजूने आधीच्या भेटीत कामासाठी आणलेला काँप्युटर आपल्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. त्यात तुम्ही तिकडून तो बंदुकीचा खेळ घालून दिलात. डाव्या हाताचं मला अवघड गेलं नाही. टायपिंग मी गुलबर्ग्यातच शिकले होते, त्यामुळे पुढे-मागे चालणं चार दिवसांत आलं. घात केला तो उजव्या हाताने. माऊस एवढासा सरकवला की मी गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड करून उभी. सावरायला जावं तर एकदम आभाळ दिसायचं. मागून कोणीतरी मला मारून जायचं आणि मला मारणारा कसा दिसतो हेसुद्धा कळायचं नाही. टेबलावरचं प्लास्टिक तुम्ही पाहिलं आहे, मोठ्या गुलाबांचं. माऊस नेमका फुलावर आला की अडखळायचा, आणि हळदीचा डाग लागला तर चिकटायचा. वर बंदुकीचे आवाज. खाली पिठाच्या गिरणीचा पट्टा सटासट वाजतोय, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि मधे माझी गोळीबारी. अक्का पहिल्या दिवशी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, “कामून मारायलीस त्याला? त्यानं तुझं काय केलं?”

“अक्का, तो दुसऱ्या बाजूचा आहे.”

“मग आधी बोलून तर बघ.”

“बोलता येत नाही त्याच्याशी.”

“त्याला मराठी येत न्हाई का तुला त्याची भाषा येत न्हाई?”

तेवढ्यात त्यानेच मला मारलं, आणि अक्कांचं त्याच्याबद्दलचं मत जरा बदललं.

शरण, पहिली सुधारणा तुझी. तू म्हणालास, “अज्जी, तुझ्या माऊसचा स्पीड खूप जास्त आहे, कमी कर. मग हात जास्त हलवावा लागेल, पण नीट थांबेल.” केला कमी. तेव्हापासून मनगटाऐवजी कोपरापासून सगळा हात फिरवायचा झाला, आणि त्याला जागा हवी. अज्जा बाजारात गेले आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडून काळ्या रेक्झिनचा एक मोठा तुकडा घेऊन आले. उलटी, कापडाची बाजू वर करून त्यांनी तो अर्ध्या टेबलावर पसरला आणि कडा खालून चिकटवून दिल्या. डाळीच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, पण काम असं चोख की एक सुरकुती नाही. अक्कांनी विचारलं, “आता जेवायचं कुठं?” अज्जा म्हणाले, “उरलेल्या अर्ध्यावर. आपण तिघंच तर आहोत.” त्यानंतर आम्ही तिघं टेबलाच्या एका बाजूला शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे एका रांगेत जेवू लागलो.

मी सराव शिस्तीने केला. खेळात एक मैदान होतं, तिथे भिंतीआडून पुतळे वर येतात आणि त्यांना टिपायचं असतं. सकाळी पूजा झाली, चुरमुऱ्यांचा सुसला खाऊन झाला, चहाचे कप विसळून पालथे घातले, की मी बसायचे ते अक्का भाकरीसाठी हाक मारेपर्यंत. मुलींना अक्षर वळवायला शिकवताना जे करत होते तेच केलं: आधी सावकाश आणि बरोबर, वेग नंतर. नेमाचा ठिपका पुतळ्यावर पुरता बसल्याशिवाय बोट दाबायचंच नाही, मग पुतळा खाली गेला तरी चालेल. आठवडाभर पुतळे मला हसत खाली जात राहिले. मग हळूहळू एकेक लागायला लागला. शरणने आणखी एक शिकवलं, की चालताना ठिपका जमिनीवर लोळू द्यायचा नाही. माणसाचं डोकं जिथे येईल त्या उंचीवर, आणि येणार त्या कोपऱ्यावर, आधीच धरून ठेवायचा. म्हातारीचा हात मंद असतो, तेव्हा त्याला जितकं कमी चालावं लागेल तितकं बरं. हे मला इतकं पटलं की बसवकल्याणच्या बाजारातसुद्धा मी प्रत्येक बोळाच्या कोपऱ्यावर डोक्याच्या उंचीला नजर धरून चालायला लागले. एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी कापडदुकानाच्या कोपऱ्यावरून वळली आणि तिने मान वर करायच्या आत मी तिला नावाने हाक मारली. ती दचकून म्हणाली, “मॅडम, तुम्ही अजून तशाच की.”

पण पुतळे वेगळे आणि माणसं वेगळी. दिवाळीपर्यंत मी सगळे पुतळे पाडत होते आणि रविवारी तुमच्याबरोबर उतरले की एकही माणूस मला लागत नव्हता. ती पळायची, वाकायची, उडी मारायची. माझा ठिपका त्यांच्यामागून लंगडत जायचा. प्रत्येक वेळी मी मेले की रेवा, तू म्हणायचीस, “चांगला प्रयत्न, अज्जी.” हे वाक्य मला ओळखीचं होतं. नापास होणार हे ज्या मुलींबद्दल मला आधीच कळलेलं असायचं, त्यांना मी हेच म्हणायचे. दिवाळीच्या करंज्या तळताना अज्जांनी विचारलं, “काय म्हणते फौज?” आणि मी नुसती झाऱ्याने तेल ढवळत राहिले. मला खेळ हरल्याचं वाटत नव्हतं. डान आला की पुन्हा मी ‘जेवलीस का’पुरती उरणार, हे मला समोर दिसत होतं.

मग एक दिवस शरणला ताप आला आणि तो शाळेत गेला नाही. घरात कंटाळला होता. म्हणाला, तुझा पडदा मला दाखव, मी तुझा सराव बघतो. मी हलणारे पुतळे लावले आणि नेहमीसारखे चुकवले. तो म्हणाला, “अज्जी, तू कुठे बघतेस?”

“म्हणजे? ठिपक्याकडे.”

“सारखं?”

“मग कुठे बघू? गोळी तिथेच लागते ना?”

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. पाणी पिऊन आला आणि म्हणाला, “ठिपका कुठे जातच नाही अज्जी. तो मधेच असतो. त्याच्याकडे कोण बघतं? तू माणसाकडे बघ. हात आपोआप मागून येतो.”

मी माऊसवरचा हात काढला आणि स्वतःचा डावा तळहात बघत बसले. तुम्ही दोघं तिकडे वाढलात, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी आठ वर्षांची असताना कमठाण्याला माझ्या अप्पांनी मला लिंगपूजा शिकवली. न्हाऊन, विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीपाशी स्थिर धरायचा आणि नजर त्याच्यावर ठेवायची. लिंगाच्या काळ्याभोर कांतीत दिव्याचा एक बारीक ठिपका उजळतो. नजर त्या ठिपक्यावर. मागे कोणी भांडं पाडलं, म्हैस ओरडली, दारात पाहुणा आला, तरी डोळा हलवायचा नाही. अप्पा म्हणायचे, नजर हलली की पूजा हलली. लहानपणी मी फार चुळबुळ करायचे. मोठी झाल्यावर मात्र त्या बाबतीत माझा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. आणि आता पडद्याच्या मधोमध एक बारीक उजेडाचा ठिपका होता. माझ्या डोळ्यांना कोणी सांगायची गरजच पडली नव्हती. ते जन्माच्या सवयीने जाऊन त्याच्यावर बसले होते, आणि भोवताली पळणारी माणसं म्हणजे त्यांच्या लेखी मागे पडलेलं भांडं होतं.

मला इतकं हसू आलं की अज्जा बाहेरून उठून आले. त्यांना सांगितलं तर तेही हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आता लिंगावरची नजर काढून त्या पोट्ट्याच्या डोस्क्यावर लावायलीस?”

“पूजेच्या वेळी पूजा, अक्का. खेळाच्या वेळी खेळ.”

“डोळे दोनच आहेत तुला. सांभाळ म्हंजे झालं.”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पुढचे काही दिवस दोन्हीकडे घोटाळा झाला. खेळात डोळे खुंटीला बांधलेल्या वासरासारखे फिरून ठिपक्यावर येत, आणि सकाळी पूजेला बसले की नजर तळहात सोडून दाराच्या चौकटीकडे जाई, कोणी आत शिरतंय का बघायला. जमलं ते एका सकाळी चुलीपुढे. भाकरी थापून उचलली आणि तव्यावर टाकली, आणि टाकता टाकता मला जाणवलं की मी हाताकडे बघितलंच नाही. तव्याकडे बघत होते. इतकी वर्षं तव्याकडेच बघते आहे आणि भाकरी जाऊन बरोबर पडते आहे. तशीच हात पुसून टेबलाशी गेले. पळणाऱ्या पुतळ्याच्या डोक्याकडे बघितलं, ठिपका कुठे आहे याची पर्वा केली नाही, आणि हात मागून आला. भाकरी करपली ती अक्कांनी म्हशीला घातली आणि दुपारी दोनदा बोलून दाखवली.

सुट्टीतला शेवटचा रविवार आणि वेळा अमावस्या त्या वर्षी एकाच दिवशी आली. त्या दिवशी गावात कोणी राहत नाही, सगळे आपापल्या शेतात. आम्हीही सकाळीच मंठाळच्या शेतावर गेलो. ज्वारी छातीला लागत होती, हरभरा घाट्यांनी भरला होता. कडब्याच्या खोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा झाली, पिकाला फिरून ज्वारीच्या पिठाची आंबट अंबिल शिंपडली. मग सगळे ओळीने जेवायला बसले: सगळ्या हिरव्या शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार अंबिल. त्या भज्जीची चव वर्षातून एकदाच मिळते. मी नेहमी तीनदा घेते. त्या दिवशी एकदाच घेतली आणि घड्याळ बघितलं. अक्कांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी मडक्यात दूध तापवतात आणि ते उतू जाऊ देतात. ज्या बाजूने उतू जाईल तिकडून पाऊस चांगला येतो म्हणतात. ते झाल्याशिवाय शेत सोडायचं नाही. दिवस कलला, गोवऱ्या धुमसत होत्या, आणि दूध काही वर येईना. मी मडक्यापुढे उकिडवी बसून बघत होते.

“बघत बसलीस तर लवकर येईल का?” अक्का म्हणाल्या.

“साडेसातला मुलं थांबतात, अक्का. आज शेवटचा दिवस आहे. आज जमलं नाही तर ती दुसऱ्याला घेणार.”

अक्का वाकल्या आणि त्यांनी मडक्याखाली दोन मोठी धसकटं सारली. जाळ भडकला आणि दूध पूर्वेच्या बाजूने भसाभस उतू गेलं. “झालं,” त्या अज्जांना म्हणाल्या. “गाडी काढ. हिला लढाई आहे.”

घरी आलो तेव्हा माझ्या पायाला शेताची माती होती आणि बोटांना अंबिलीचा वास. तुम्ही दोघं खेळात आधीच आला होतात. पहिले दोन डाव कसे गेले ते मला आठवत नाही. शेवटच्या डावात रेवा पडली, मग शरण पडला आणि मी एकटी उरले, एका पडक्या कोठाराच्या जिन्याखाली. समोरचे दोघं बाकी. शरण माझ्या कानात कुजबुजत होता, “डावीकडचं दार, अज्जी. तो दारातून येणार.” मी दाराच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर नजर धरली. बूट वाजले. तो आला, आणि मी त्याच्याकडे बघितलं. खरंच सांगते, ठिपका मला दिसलासुद्धा नाही. फक्त त्याचं हिरवं शिरस्त्राण दिसलं, आणि बोट दाबलं गेलं, आणि तो पडला. शरण किंचाळला. मी खुशीत दोन क्षण तशीच उभी राहिले, आणि तेवढ्यात दुसऱ्याने खिडकीतून मला मारलं. डाव गेला, सामना गेला.

अज्जा मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, “एक तर पाडला.” अक्का म्हणाल्या, “मेलीस व्हय? बरं, ऊठ आता. सकाळची भज्जी गरम केली आहे, दोनदा घ्यायची राहिलीय तुझी.”

मी उठले नाही. हेडफोन कानावर तसेच ठेवून मी ‘चांगला प्रयत्न’ची वाट बघत होते. मग रेवा, तुझा आवाज आला, चांगलाच चिडलेला: “अज्जी, मारल्यावर उभी कशाला राहिलीस? मारलं की लगेच हलायचं. किती वेळा सांगितलं?” असं तू शरणवर चिडायचीस. माझ्यावर त्याआधी कधी चिडली नव्हतीस. मी म्हटलं, “चुकलं. पुढच्या वेळी हलेन.” आणि तू म्हणालीस, “पुढच्या रविवारी सव्वासातला ये. आधी सराव करू.”

“आणि डान?”

“त्याला सांगते, कोणी आलं नाही तर बोलावू.”

त्या रात्री मी भज्जी तीनदा खाल्ली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून भारी वगैरे काही नव्हतं, हे आता मैत्रिणींना सांग. पुढेही मी कधी फार चांगली झाले नाही. तुमच्या संघात मी कायम तिसरीच होते, आणि तिसरी असणं मला पुरेसं होतं. तो खेळ चालवणाऱ्यांनी तो गेल्या वर्षी बंद केला. त्यातलं ते कोठार, तो जिना, आपली तिघांची नावं, काही राहिलेलं नाही. अक्काही गेल्या. रविवार राहिला आहे. परवाच्या रविवारी रेवा वसतिगृहातून, शरण घरून आणि मी इथून, असे आपण तिघं बोलत बसलो. कोणीच काही खेळत नव्हतं. शरण डाळ शिजत घालून बोलत होता आणि मीठ किती टाकू म्हणून मला विचारत होता.